लो-कॉस्ट एअरलाइनमध्ये युनियन करायची का, आणि केली तर सुरुवात कुठून

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू पेडण्याचा, ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट, साडेतीन वर्षं झाली, कंपनी लो-कॉस्ट, मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा बाँड अजून संपलेला नाही आणि घरावर एज्युकेशन लोन आहे. रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, सारखं बदलतंय, सलग दोन-दोन रात्री लावतायत, आणि तुमच्या ग्रुपमध्ये आता युनियन करूया असं सुरू झालंय. तू विचारतोस की यात पडू की गप्प राहू, युनियनने खरंच काही होतं का, पायलटला युनियन करता तरी येते का, आणि घरी सांगू की नको.

मी सव्वीस वर्षं विमान उडवलं, त्यातली शेवटची बारा लो-कॉस्टमध्ये, गेल्या वर्षी थांबलो आणि आता फोंड्याला घरी असतो. या कामात दोनदा पडलो, एकदा सपाटून आपटलो आणि एकदा जमलं. माझं उत्तर सरळ आहे, युनियन करा. फक्त सिक कॉल देऊन, म्हणजे सगळ्यांनी एकदम आजारी आहे असं कळवून, करू नका आणि पगारावरून सुरुवात करू नका, रोस्टरवरून करा. का ते सांगतो, जरा लांबेल.

तू लिहिलंस की चीफ पायलटशी तुझे संबंध चांगले आहेत, एकट्याने बोललास तरी ऐकतील. ऐकतील रे, चहा पण देतील. पण बोलताना तुझ्या हातात काय असतं बघ. फार तर नोकरी सोडेन एवढंच ना. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस द्यावी लागते, त्यात तुझा बाँड, त्यात टाइप रेटिंग, म्हणजे उडवायचा परवाना, एकाच जातीच्या विमानाचं, म्हणजे जाणार कुठे तर तेच विमान उडवणाऱ्या दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांत, आणि गेलास की सिनिऑरिटी परत शून्यापासून, कमांड, म्हणजे कॅप्टन होणं, पुढे ढकललं जाणार. आयटीतला तुझा मित्र पेपर टाकतो आणि तीन महिन्यात दुसरीकडे बसतो, त्याच्या राजीनाम्याला वजन आहे. आपल्या एकट्याच्या राजीनाम्याला नाही, हे कंपनीला आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं.

माझे वडील मुरगाव बंदरात कामाला होते. दर महिन्याला युनियनच्या वर्गणीची छोटी पावती आणायचे आणि देवाच्या फळीवर डब्यात ठेवायचे, आई कधी विचारायची नाही हे पैसे कशाला. आम्ही भावंडांनी डबा उघडला तेव्हा त्यात अठरा वर्षांच्या पावत्या निघाल्या, एकही महिना चुकलेला नव्हता. मी पायलट झाल्यावर मला वाटायचं की युनियन हे गोदीवाल्यांचं, कदंब बसवाल्यांचं काम, आपण कॅप्टन. चार पट्ट्या खांद्यावर असल्या की हे वाटतंच, तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आत्ता हेच वाटत असणार. पण बंदरातल्या माणसाचं रोस्टर निदान पाळी लागली की पाळी सुटेपर्यंत ठरलेलं असायचं, आपलं रात्री दहाला फोन येऊन बदलतं.

पहिल्यांदा आम्ही काय केलं ते ऐक, कारण तुमचा ग्रुप नेमका त्याच वाटेवर आहे. तेव्हा मी दुसऱ्या कंपनीत होतो, नाव लिहीत नाही. व्हॉट्सॲपवर पाचशेच्या वर माणसं जमली, रोज राग, रोज फॉरवर्ड, आणि एका रात्री पाच जणांनी पत्र लिहिलं आणि खाली सह्या केल्या, त्यात मी होतो. त्या दिवशीच्या चॅटचे स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत वर पोचले होते. मग एकेकाला वेगवेगळं बोलावलं, कोणाला म्हणाले तुझी कमांड ट्रेनिंगची तारीख जवळ आलीये, कोणाला म्हणाले तुझ्या घरी बाळ आहे ना, आम्ही समजू शकतो. तिघांनी पत्र मागे घेतलं. उरलेल्या आम्हा दोघांचा बेस, म्हणजे नेमणुकीचं शहर, बदलला, लेखी कारण ऑपरेशनल रिक्वायरमेंट. आणि ते पाचशे जण? एकाने पण फोन केला नाही. मी त्यांना दोष देत नाही, कारण आम्ही त्यांच्याकडून काही घेतलंच नव्हतं, ना फॉर्म, ना वर्गणी, ना सही. ग्रुपमध्ये असणं म्हणजे सभासद असणं नव्हे.

आता तुमच्यात जी आयडिया फिरतेय, की एका दिवशी सगळ्यांनी सिक कॉल द्यायचा, तिच्याबद्दल. देऊ नका. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या पायलटांनी हे केलं होतं, युनियन काढली म्हणून दोघांना काढलं, त्यावरून शेकडो जण सिक गेले, पाच दिवस शेड्यूल कोसळलं आणि काढलेल्यांना परत घ्यावं लागलं. बरोबर, जमलं. पण लोक तेवढंच लक्षात ठेवतात. २०१२ मध्ये एअर इंडियात ड्रीमलायनरच्या ट्रेनिंगवरून पायलटांचं आंदोलन ५८ दिवस चाललं, तेही सिक पासूनच सुरू झालं होतं, त्यात इंडियन पायलट्स गिल्ड या त्यांच्या युनियनची मान्यता गेली, शंभरएक जणांना काढलं आणि शेवटी कोर्टात बसून कामावर परत जावं लागलं, आणि ती दशकानुदशकं जुनी, पैसेवाली युनियन होती. तुमची तर अजून कागदावर पण नाही. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने एकदम सिक दिलं तेव्हा कंपनीने २५ जणांना काढलं, पण त्यांच्या मागे रजिस्टर्ड युनियन होती म्हणून दोन दिवसात सेंट्रलच्या लेबर कमिशनरसमोर बसून ते २५ परत आले. सिक दिल्यामुळे नोकऱ्या गेल्या आणि युनियन असल्यामुळे परत मिळाल्या, मी तरी ते असंच वाचतो.

शिवाय कायदा बदललाय. इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात ५० टक्के किंवा जास्त लोकांनी ठरवून एका दिवशी कॅज्युअल रजा टाकली तर तो संपच धरतात, आणि संपाला आधी १४ दिवसांची नोटीस लागते, कन्सिलिएशन, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोरची तडजोडीची बोलणी, चालू असताना संप करताच येत नाही. आणि सिक म्हटलंस की तुझं मेडिकल, म्हणजे उडवायला फिट असल्याचं सर्टिफिकेट, मध्ये आलं, खोटं सिक सांगणारा पायलट हा उद्या खरं फटीग, म्हणजे थकवा, सांगेल तेव्हा त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हे आहे.

पायलटला युनियन करता येते का, तर येते. संघटना करायचा हक्क घटनेतच आहे, कलम १९, संप करायचा मूलभूत हक्क मात्र नाही हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेव. रजिस्ट्रेशनचा अर्ज सात जण करू शकतात, पण मागे एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते सभासद हवेत. म्हणजे तुमच्या कंपनीत हजाराच्या वर माणसं असली तरी १०० पुरतात. कंपनी म्हणणार की पायलट हा वर्करच नाही, कॅप्टन तर मॅनेजमेंट, को-पायलटचा सुपरवायझर. घाबरू नका. युनियनमध्ये सभासद व्हायला कोडमधली व्याख्या मोठी आहे, त्या धंद्यात नोकरीला असलेला कोणीही. वर्कर की नाही हा वाद पुढे, प्रत्यक्ष तंटा लेबर कोर्टात गेला की येतो, आणि तिथे कोर्ट पदाचं नाव बघत नाही, माणूस दिवसभर करतो काय ते बघतं. दिल्ली हायकोर्टाने पायलटला वर्कमन धरलेलं आहे. कॅप्टन को-पायलटची रजा मंजूर करत नाही, पगार ठरवत नाही, तो विमान उडवतो, एवढं साधं आहे ते. आणि हो, हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते, त्यामुळे तंटा झाला तर पणजीला पाटोवर राज्याच्या लेबर ऑफिसात फेऱ्या मारू नकोस, सेंट्रलच्या लेबर कमिशनरकडे जायचं.

रजिस्टर झालात म्हणजे कंपनीला तुमच्याशी बोलावंच लागेल असं मात्र नाही. एकच युनियन असेल तर गोष्ट सोपी, दोन झाल्या तर ५१ टक्के ज्याच्याकडे तो वाटाघाटीला बसतो. म्हणून कॅप्टनांची वेगळी आणि को-पायलटांची वेगळी असला प्रकार होऊ देऊ नका, कोणीतरी तसं सुचवायला येणारच, आणि बहुतेक वेळा सुचवणारा आपणहून आलेला नसतो.

आता रोस्टर. हे मला जास्त लिहायचंय.

एकदा सलग दुसरी रात्र होती, चौथा सेक्टर म्हणजे चौथं उड्डाण, पहाटे साडेचारला दाबोळीला उतरायचं होतं. एटीसीने, म्हणजे कंट्रोल टॉवरने, रेडिओची फ्रिक्वेन्सी दिली, मी रीड बॅक करताना, म्हणजे परत म्हणून दाखवताना, चुकीची सांगितली, त्यांनी परत दिली, मी परत तीच चूक केली. तिसऱ्यांदा माझ्या को-पायलटने सांगितली, हळू आवाजात, माझ्याकडे न बघता. उतरलो, विमान थांबून चाकांना चॉक लागले, कागद भरले. गाडीत बसलो तेव्हा दोघंही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही आणि दोघांनीही फटीग रिपोर्ट टाकला नाही, कारण रिपोर्ट टाकला की दुसऱ्या दिवशी फोन येतो, आवाज गोड असतो, सर तुम्हाला काही पर्सनल प्रॉब्लेम आहे का. मागे १८० माणसं झोपलेली होती. ती रात्र मी विसरलेलो नाही, आणि युनियन पाहिजे असं मी म्हणतो ते त्या रात्रीमुळे म्हणतो, पगारामुळे नाही.

एकाने रिपोर्ट टाकला तर तो माणूस कमजोर ठरतो. एकाच पेअरिंगवर, म्हणजे फ्लाइट्सच्या एकाच ठरलेल्या फेरीवर, तीस जणांनी टाकला तर पेअरिंग कमजोर ठरतं. युनियन हे काम करू शकते, दुसरं कोणी करू शकत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही तेच केलं. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा नवा विमानतळ सुरू झाला आणि आमची काही फ्लाइट्स तिकडे हलवली, पण क्रूचं हॉटेल दाबोळीच्या बाजूलाच राहिलं, जुनं कॉन्ट्रॅक्ट होतं म्हणून. तू पेडण्याचा, तुला अंतर सांगायला नको, साठ-सत्तर किलोमीटर, पुढे पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यावर तर विचारू नको. कागदावर विश्रांती पूर्ण दिसायची, त्यातले जाता-येताचे तीन तास गाडीत जायचे. आम्ही कोणीही तक्रार केली नाही, वही घातली. साधी शंभर पानी वही, प्रत्येकाची आपापली. तारीख, मूळ रोस्टर, बदललेलं रोस्टर, फोन किती वाजता आला, चॉक लागल्याची वेळ, हॉटेलच्या खोलीत पाय ठेवल्याची वेळ, पिक-अपची वेळ, आणि शेवटी खरी झोप किती तास. चार महिने एकतीस जणांनी भरलं. मग सगळं एका शीटमध्ये घातलं तर त्या एका पेअरिंगवर सरासरी झोप साडेचार तास निघाली. ते शीट आणि त्याच पेअरिंगचे फटीग रिपोर्ट एकत्र सेफ्टी डिपार्टमेंटला दिले, रोस्टरवाल्यांना नाही, हे महत्त्वाचं आहे कारण सेफ्टीला ते फाइल करून उत्तर द्यावं लागतं. सात आठवड्यात हॉटेल बदललं, पेडण्यातच मिळालं, पिक-अप पंधरा मिनिटांवर. एक रुपया पगार मागितला नव्हता. आणि त्यानंतर फॉर्म भरून द्या म्हटल्यावर दीड महिन्यात दोनशेच्या वर फॉर्म आले, कारण लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं की काहीतरी झालं.

हेच मोठ्या प्रमाणावर देशात पण झालंय. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने ड्युटी टाइमचे नवे नियम काढले, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. एअरलाइन्सना ते नको होते, पुढे ढकलले गेले. मग पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात पाठीमागे लागल्या म्हणून २०२५ च्या १ जुलै आणि १ नोव्हेंबरला टप्प्याटप्प्याने लागू झाले. एकट्या पायलटने हे केलं असतं का? आणि लगेच डिसेंबरमध्ये काय झालं ते तू स्वतः भोगलंस, नव्या नियमांत रोस्टर बसेना म्हणून इंडिगोची हजारो फ्लाइट्स रद्द झाली, ५ डिसेंबरला डीजीसीएने त्यांना रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट दिली आणि विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही हे कलम तर सगळ्यांसाठीच मागे घेतलं. त्या आठवड्यात टीव्हीवर पायलटांची बाजू कोण मांडत होतं आठव, अल्पा इंडिया आणि फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स या पायलटांच्या संघटना. कंपनीतले पायलट बोलूच शकत नव्हते. मिळालेला नियम सांभाळायला पण संघटना लागते.

युनियन आली की लो-कॉस्ट मॉडेल मरतं, असं तुम्हाला सांगतील. अमेरिकेतली साउथवेस्ट बघ, लो-कॉस्टचा धडा सगळ्यांनी जिच्याकडून घेतला ती, तिच्या पायलटांची युनियन १९७८ पासूनची, बहुतेक सगळे कर्मचारी कुठल्या ना कुठल्या युनियनमध्ये, आणि कंपनी १९७३ ते २०१९ अशी ४७ वर्षं ओळीने नफ्यात. रायनएअरने तीस वर्षांहून जास्त युनियन उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांचं रोस्टर फसलं, रजांचा हिशोब चुकला, हजारो फ्लाइट्स रद्द कराव्या लागल्या, पायलटांना रजा सोडा म्हणून कॅप्टनला १२,००० युरोपर्यंत बोनस देऊ केला आणि बऱ्याच बेसवरच्या पायलटांनी तो नाकारला. डिसेंबरमध्ये ऐन ख्रिसमसच्या तोंडावर संपाची वेळ आली तेव्हा कंपनीने युनियन मान्य केली. कंपनी बुडाली नाही. आणि जेटब्लूच्या पायलटांनी २००९ ला युनियनला नाही म्हटलं, २०११ ला नाही म्हटलं, २०१४ ला हो म्हटलं, म्हणजे तुमचा पहिला प्रयत्न फसला तर तेवढ्यावर सोडू नका.

पण युनियन काय करू शकत नाही ते पण ऐक. कंपनीकडे पैसेच नसतील तर युनियन पैसे काढू शकत नाही. किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला, लोकांचे महिन्यांचे पगार अडकले. कोणी सभासद करताना नोकरी पक्की होईल असं सांगत असेल तर त्याला तिथेच थांबव, खोटं आश्वासन देऊन घेतलेला सभासद पहिल्या वाऱ्याला उडतो.

आता करायचं काय. आधी सात माणसं शोध, ओरडणारी नको, ज्यांचा शब्द क्रू रूममध्ये मानतात ती, त्यातले निदान चार कॅप्टन आणि ज्यांचा बाँड संपलाय असे. तू बाँडमध्ये आहेस, पहिल्या सात सह्यांत तुझं नाव नको, वही सांभाळायचं काम घे, तेच मोठं काम आहे. ट्रेनर आणि चेक पायलट यांना पदावर घेऊ नका, बेस कॅप्टनला तर नाहीच, त्यांची पण कुचंबणा होते. ग्रुपवर काहीही ठरवू नका, समोरासमोर बसा. कंपनीच्या मेलवरून, कंपनीच्या टॅबवरून एक ओळ लिहू नका, आणि प्रवाशांच्या समोर, युनिफॉर्ममध्ये तर हा विषयच नको. वर्गणी पहिल्या महिन्यापासून घ्या, थोडी का होईना पण बँकेतून आणि पावती देऊन. लायसन्स गेलं तर मिळणारा इन्शुरन्स सगळ्यांचा मिळून घ्या, एकेकट्याला तो महाग पडतो आणि तरुण पोरं घेतच नाहीत, मग चौतिसाव्या वर्षी मेडिकल जातं आणि लोन उरतं. आमच्याकडे निम्मे सभासद इन्शुरन्ससाठी आले आणि नंतर कामाला लागले. रजेची यादी पण उघड करून मागा, दर चवथीला गोवा-कोकणातले सगळे रजा टाकतात आणि कोणाला का मिळाली ते कोणालाच कळत नाही, नियम लिहिलेला असला की न मिळणाऱ्याला पण निदान पुढच्या वर्षी आपला नंबर आहे हे दिसतं. एअरलाइन एवढं द्यायला तयार होते, त्यात तिचं काही जात नाही.

बोलावून घेतलं तर एकट्याने जाऊ नकोस, आणि जावंच लागलं तर बाहेर आल्यावर पंधरा मिनिटांत काय बोलणं झालं ते लिहून काढ, वेळ घालून. युनियनच्या कामासाठी त्रास देणं हे कायद्याने अनफेअर लेबर प्रॅक्टिस आहे, पण ते सिद्ध करायला तारीख-वेळ लागते, आठवण चालत नाही.

घरी सांगू का. सांग, आणि सगळ्यात आधी सांग. आमच्या पहिल्या वेळी एकाच्या वडिलांना कोणीतरी फोन केला होता, तुमचा मुलगा करिअर खराब करतोय म्हणून, आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते इतके घाबरले की मुलाने त्याच रात्री सही मागे घेतली. बाँडचा कागद घेऊन बाबांसोबत बस, एकेक कलम वाच, किती रक्कम, किती महिने राहिले, काढलं तर काय आणि सोडलं तर काय, दोन्ही वेगळं लिहिलेलं असतं. लोनचे सहा हप्ते बाजूला टाकता आले तर टाक. आईला रात्रीची गोष्ट सांग, ती पगारापेक्षा लवकर कळेल तिला. वहीचा नमुना माझ्याकडे आहे, फोंड्याला ये, घेऊन जा.